उपोषणाला बसलेलं यीस्ट

भोकरदनच्या कॉलेजात नोकरी लागली तेव्हा आम्हाला जी जागा मिळाली, तिच्या मालकांची एकच अट होती. घरात इडलीचं पीठ आंबवायचं नाही.

मी आणि बायको दारात उभे होतो. मालक उंच, किडकिडीत, शर्टाच्या खिशात दोन लिंबं. म्हणाले, "पाहुणे येऊ द्या, मटण शिजवा, खिडकीत कांदे टांगा, माझी काही हरकत नाही. पण इडली, डोसा, ढोकळा, जिलेबी, यातलं काहीही या घरात आंबता कामा नये. पाव खायचा तर बाहेर खाऊन यायचं, खाली नळावर हात-तोंड धुवायचं आणि मग जिना चढायचा."

बायकोला वाटलं, काही व्रत असेल. मला वाटलं, पित्ताचा त्रास असेल. खरं कारण खालच्या खोलीतल्या फ्रिजमध्ये होतं. खालच्या फळीवर दूध, कोथिंबीर आणि अर्धी कापलेली काकडी. वरच्या फळीवर काचेच्या नळ्या ओळीनं उभ्या, कापसाची बुचं लावलेल्या. काही नळ्यांत गुलाबी साय धरल्यासारखी, काहींत पांढरी. ते यीस्ट होतं. पुण्याला पीएच.डी. करताना त्यांनी ज्या यीस्टवर काम केलं, तेच ते थर्मासमध्ये घालून, थर्मास मांडीवर घेऊन एसटीनं गावाकडे आले होते. आमच्या पिठातलं यीस्ट हवेतून खाली उतरून त्यांच्या यीस्टमध्ये मिसळेल, ही त्यांना धास्ती.

"बाहेरचं यीस्ट फार आगाऊ असतं," ते म्हणाले. "माझं साधंभोळं आहे. त्याचा टिकाव लागणार नाही."

ते माझ्याच कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत. कॉलेजात सगळेच सर, पण नुसतं 'सर' म्हटलं की हेच. मी मराठीचा. आता आम्ही जालन्याला असतो, रविवारी इडल्या करतो. तरीही पिठाच्या डब्याचं झाकण फुगून वर आलं की मी आधी दाराकडे बघतो.

सरांबरोबर त्यांची आई राहायची. ते तिला माय म्हणत, म्हणून आम्हीही माय म्हणायचो. हसनाबादकडची. दुसऱ्यांच्या रानात निंदणी-खुरपणी करून तिनं या एकुलत्या एकाला शिकवलं होतं. पोरगं पुण्याहून मोठं होऊन येईल असं तिला वाटलं होतं. ते थर्मास घेऊन आलं. पहिल्या दिवशी तिनं झाकण उघडून वास घेतला आणि विचारलं, "चहा हाय का?" सर म्हणाले, "न्हाई माय, जीव हायेत." तेव्हापासून ती त्या फळीवरच्यांना 'जीव' म्हणायची. दूध काढायला फ्रिज उघडला की आत बघून विचारायची, "बरे हायेत का जीव?" आणि दार हळूच लावायची.

सरांचं लग्न झालं नव्हतं. एकदा सगळं जुळत आलं होतं. मुलगी शिकलेली, माणसं चांगली, मुलगी बघून सर खूश होऊन परत आले. मग मध्यस्थाकडून कळलं की मुलीच्या वडिलांची बेकरी आहे. सरांनी त्याच दिवशी नकार कळवला.  मी एकदा विषय काढला तर सर म्हणाले, "मुलगी चांगली होती. पण तिच्या केसांत, कपड्यांत, सगळीकडे असणार हो ते. कसं शक्य आहे?"

खिशातल्या लिंबांची गोष्ट वेगळी. सर अंधश्रद्धेविरुद्ध व्याख्यानं देत. गावोगाव जात, नारळातून काढलेल्या चिंध्यांचा आणि पाण्यावर पेटणाऱ्या दिव्याचा भांडाफोड करत. आणि हे करताना खिशातून लिंबू डोकावत असे. सभेत कोणीतरी हमखास उठायचं. "सर, मंग हे काय?" सर शांतपणे खुलासा करायचे, आणि तो खुलासा ऐकून लोकांना लिंबू भारलेलंच बरं वाटायचं. कारण खुलासा असा होता.

पांढऱ्या नळ्यांतल्या यीस्टचा पंप बंद होता.

हे मला त्यांनी पहिल्याच आठवड्यात समजावलं. गच्चीवर सतरंजी टाकून, वहीच्या पाठकोऱ्या पानावर गोल काढून. यीस्टची पेशी म्हणजे एक खोली. तिच्या पोटात एक पिशवी. पाठ्यपुस्तकात तिला रिक्तिका म्हणतात, आणि त्या शब्दावर सरांचा फार राग होता. "रिक्त? रिकामी नाहीये ती. सगळं कामकाज तिथं चालतं. हा शब्द कोणी केला? तुमच्यापैकीच कोणीतरी." मी मराठीच्या वतीनं माफी मागितली. तर ही पिशवी आतून आंबट असते. तिच्या भिंतीत पंप बसवलेले असतात, ते गरागरा फिरत बाहेरचे प्रोटॉन आत ढकलतात, म्हणून ती आंबट राहते. पेशीला खायला मिळेनासं झालं की ती घाबरत नाही. घरातल्याच जुन्या, मोडक्या वस्तूंची गाठोडी बांधते आणि त्या पिशवीत टाकते. आंबट पिशवीत गाठोडी विरघळतात, त्यातून निघालेल्या मालावर पेशी दिवस काढते. स्वतःलाच थोडंथोडं खाऊन जगते.

"आणि पंप बंद असेल तर?"

"तर गाठोडी येतात. पण पिशवी आंबट नसल्यामुळे विरघळत नाहीत. आतच साठतात. एवढी सगळी कमाई पोटात, आणि पेशी उपाशी मरते." हे सांगून त्यांनी वही हलक्या हातानं मिटली.

गुलाबी नळ्यांतल्यांचे पंप चालू, पांढऱ्यांचे बंद. रंगाचा तो फरकही त्या पिशवीमुळेच पडतो म्हणे. बंद पंपाच्या यीस्टला आपल्याकडचं बोअरचं पाणी सोसत नाही, क्षार जास्त. त्याला बाहेरून आंबट द्यावं लागतं. म्हणून लिंबू. बारा महिने, खिशात.

या स्वतःला खाण्याला मराठीत काय म्हणायचं यावर आमचं बरेच दिवस चाललं. मी 'आत्मभक्षण' सुचवलं. सर म्हणाले, "पोरं आत्मचरित्र लिहून ठेवतील." 'स्वभक्षण' म्हटलं तर म्हणाले, "हे राक्षसाचं नाव वाटतं." माय भाकरी थापत ऐकत होती. म्हणाली, "एवढं काय त्यात? खायला नसलं की पोटाला चिमटा घ्याचा अन् दिवस काढायचे. तेच करू राह्यलं ना ते?" सर उठून उभे राहिले. दुसऱ्या दिवशी वर्गात फळ्यावर तेच लिहिलं. त्या वर्षीच्या पेपरात एका मुलानं 'यीस्टमधील पोटचिमटा प्रक्रिया' असं लिहिलं आणि बाहेरगावच्या परीक्षकांनी त्याला शून्य दिलं. सरांनी त्या मुलाला घरी जेवायला बोलावलं.

पण माय सरांच्या कामावर खूश होती असं नाही. रोज सकाळी दोघं बुद्धाच्या तसबिरीसमोर बसून वंदना म्हणत, पंचशील म्हणत, आणि मग सर प्रयोगासाठी यीस्ट उपाशी ठेवायला जात. मायला ते बघवायचं नाही. "पहिलंच शील काय हाय? जिवाला इजा करनार न्हाई. आत्ता म्हनला ना रे? अन् लगेच चालला त्याहिला उपाशी ठेवाया?"

"माय, त्यांना भूक लागल्याचं कळत नसतं."

"तुला कोनी सांगितलं?"

 ते लिंबू चाचपत बाहेर पडत.

पाटीचा घोळ याच सुमाराचा. दारावरच्या पाटीवर सरांना 'पीएच.डी. (यीस्टमधील प्रोटॉन पंप)' असं लिहून हवं होतं. पेंटरला जागा पुरेना. त्यानं आपल्या अकलेनं मजकूर आवरता घेतला. नावापुढे 'डॉक्टर' आणि खाली ठळक लाल अक्षरांत 'पंप'. सरांना हे खटकलं नाही. ते म्हणाले, "मुद्दा आलाय ना?"

पंधरवड्यात पहिला शेतकरी आला. जळालेली पाणबुडी मोटार आपल्या सायकलच्या कॅरिअरला बांधून. मग दुसरा. एक जण तर वाटूरहून आला, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाहून, जीप करून. त्याच्या साडूनं सांगितलं होतं की भोकरदनला पंपाचे डॉक्टर बसतात. सर कोणालाच परत पाठवत नसत. ओट्यावर बसवत, पाणी देत, मोटारीकडे बघत आणि विचारत, "आत पोचतंय पण पुढं काही होत नाही, असं आहे का?" शेतकरी म्हणे, "तसंच हाय सर." मग सर त्याला यीस्टचं सगळं सांगत. शेतकरी मन लावून ऐकत आणि मोटार घेऊन परत जात. वाटूरचा तो माणूस जाताना माझ्याजवळ म्हणाला, "मोटार काई सुधरली न्हाई, पर मानूस अभ्यासू हाय."

मार्केट यार्डाजवळ जळालेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायचं दुकान असलेला मिस्तरी एक दिवस तावातावानं आला. "सर, बराबर सांगा. तुम्ही दुकान उघडलं का? माझं गिऱ्हाईक तुमच्या ओट्यावर बसू राह्यलं."

सरांनी त्याला आत नेलं आणि पंपाचं चित्र काढून दाखवलं. खाली फिरणारा भाग, वर न फिरणारा भाग, मधून दांडा. मिस्तरीचा राग चित्र बघताबघता उतरला.

"हा रोटर?"

"हो."

"मंग बेअरिंग कुठंय?"

सरांना हा प्रश्न फार आवडला. पुण्यातसुद्धा कोणी विचारला नव्हता म्हणे. दोघं ओणवे होऊन बसले. मिस्तरीनं पुढं विचारलं, "अन् सप्लाय बंद झाला तर? जळत न्हाई?"

"साखर संपली की पंप स्वतःच सुटा होतो. वरचा भाग बाजूला, खालचा भिंतीतच. साखर आली की परत जुळतो. आपोआप."

मिस्तरीनं चित्रातल्या दांड्यावर बोट ठेवलं. मग हळू आवाजात म्हणाला, "कंपनी कोणती?"

त्या दिवसापासून त्यांची दोस्ती झाली. अगदीच हाताबाहेर गेलेली मोटार असली की मिस्तरी गिऱ्हाइकाला सरांकडे पाठवायचा. तेवढंच त्याचं मन हलकं होतं, असं तो म्हणे.

तर हे असं चाललेलं असताना कॉलेजची तपासणी करायला कमिटी येणार असल्याचं कळलं. संस्थेच्या अध्यक्षांनी कुठून तरी एक सल्लागार आणला. सल्लागार सगळं कॉलेज फिरला आणि म्हणाला की तुमच्याकडे आनंदकक्ष नाही. हल्ली कॉलेजात आनंदकक्ष लागतो. मुलांनी तिथं जाऊन आनंदी व्हायचं. त्यासाठी हवेशीर, दोन बाजूंनी खिडक्या असलेली खोली पाहिजे. तशी खोली एकच होती, सरांची प्रयोगशाळा.

सूक्ष्मजीवशास्त्राला मुलं थोडी. विभाग बंद करायचा, सामान जिन्याखाली ठेवायचं आणि सरांना संस्थेच्या शाळेत आठवीला सामान्य विज्ञान शिकवायला पाठवायचं, असं ठरलं. अध्यक्षांनी सरांना बोलावून समजावलं. माणूस वाईट नव्हता. फक्त शेवटी म्हणून गेला, "सर, यीस्ट म्हणजे शेवटी बेकरीतलंच ना? पुढं कधी लागलं तर मागवून घेऊ एक पुडी."

सर घरी आले ते सरळ पडूनच राहिले. माय म्हणाली, ताप आलाय. ताप नव्हता.

प्राचार्यांनी मला गाठलं. "तुम्ही वर राहता. समजवा त्यांना." मी समजवायला म्हणून खाली गेलो. सर फ्रिजचं दार उघडून समोर बसले होते. म्हणाले, "मी उपोषणाला बसतोय. निवेदन तुम्ही लिहा. तुमची भाषा चांगली आहे." आणि समजवायला गेलेला मी निवेदन लिहून वर आलो. त्यातलं एक वाक्य काढून टाकावं म्हणून मी पुष्कळ विनवणी केली. त्यांनी ऐकलं नाही. ते वाक्य असं होतं, 'मी व माझे दोन सहकारी कॉलेजच्या फाटकासमोर आमरण उपोषणास बसत आहोत.'

दोन सहकारी म्हणजे दोन चंबू. एकात गुलाबी यीस्ट, एकात पांढरं. दोन्हींत नुसतं पाणी, अन्नाचा कण नाही, पांढऱ्यात वर लिंबाचे थेंब.

मिस्तरीनं मांडव घातला, इन्व्हर्टरची बॅटरी आणून दिली. तिच्यावर सूक्ष्मदर्शकाचा दिवा लावला. टेबलावर मधोमध सूक्ष्मदर्शक, दोन्हीकडे चंबू, मागे सर. ठाण्यातून जमादार नोंद घ्यायला आले.

"किती जण बसलेत?"

"तीन."

"बाकीचे दोघं कुठं गेले?"

"हे काय."

जमादारांनी चंबूंकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी मांडवाच्या छताकडे बघितलं.

"नावं?"

"सॅकरोमायसिस सेरेव्हिसी."

"कोनाचं?"

"दोघांचंही."

"सख्खे हायेत का?"

"एकाच वंशाचे. फक्त एकाचा पंप काढलेला आहे."

जमादारांनी पेन खिशाला लावलं. "सर, मी एक जण लिहितो. ते दोघं तुमच्याकडून राहू द्या."

सर भडकले. यांची मोजणी झाली नाही तर उपोषणाला अर्थ काय? शेवटी 'एक इसम व इतर' अशी नोंद झाली आणि सर शांत झाले.

रोज सकाळी सरकारी दवाखान्यातली नर्स यायची. सरांचं वजन, रक्तदाब बघायची. सर म्हणायचे, आता यांचं. मग ते स्वतःच प्रत्येक चंबूतला थेंब काचेवर घेत, त्यात निळा रंग घालत. जी पेशी मेली ती निळी पडते, जिवंत असलेली पडत नाही. बाई, तुम्हीच बघून सांगा, असं तिला म्हणत. नर्स बिचारी एक डोळा मिटून बघायची आणि आपल्या कागदावर सरांच्या रक्तदाबाखाली लिहायची, 'गुलाबी ठीक. पांढरी अशक्त.'

बाजारच्या दिवशी तर फाटकासमोर रांग लागली. भाजी विकायला आलेल्या बाया, शाळेची पोरं, एसटीची वाट बघणारे लोक. ज्याला त्याला आत बघायचं होतं. आणि दिसायचंही तसंच. पांढऱ्याच्या पेशीत ती पिशवी, आणि पिशवीत न विरघळलेली गाठोडी, बारीक कण होऊन सारखी थरथरत, उड्या मारत. एक बाई म्हणाली, "अगं माय, लाह्या उडू राह्यल्या." सर रांगेतल्या प्रत्येकाला सांगायचे, "ती त्यांची शिदोरी आहे. जवळ आहे, पण खाता येत नाही." लोक हळहळायचे. गावभर बातमी फिरायची. गुलाबीचं बरं हाय. पांढरी निळी पडू राह्यली. सरांचं कोणी विचारत नव्हतं.

सरांना मात्र आपली तब्येत फार मजेची वाटत होती. ओठ सुकलेले, डोळे आत गेलेले, आणि माझ्या कानाशी म्हणायचे, "आता माझ्यातही सुरू झालं असणार. गाठोडी बांधली जातायत. काय काय जात असेल हो आत? मला वाटतं, आधी बी.एस्सी.चं जात असेल."

माय मांडवात कोपऱ्यात बसून असायची. पोराला 'खा' म्हणाली नाही एकदाही. त्यानं ठरवलंय तर ठरवलंय, असं तिचं. घरी जायची, आपल्यापुरता स्वयंपाक करायची, डबा घेऊन यायची आणि डबा न उघडताच बसायची. तिची नजर मात्र सरांवर नसायची. पांढऱ्या चंबूवर असायची.

आणि एका सकाळी सरांनी पांढऱ्याचा थेंब काचेवर घेतला, बघितला, परत बघितला. नर्सला बघायला लावलं, मला बघायला लावलं. बऱ्याच पेशींच्या अंगावर लहान लहान गोळे फुटले होते, बटाट्याला डोळे फुटावेत तसे.

"कळ्या," सर म्हणाले. "पिल्लं धरलीयेत यांनी."

"म्हणजे चांगलंच झालं की."

"उपाशी पेशी पिल्लं धरत नाही." सरांनी चंबूचं बूच काढून वास घेतला. चेहरा पडला. त्यांनी चंबू माझ्या नाकापुढे धरला. मला ओळखीचा वास आला. चिंच-गुळाच्या आमटीचा.

सर वळले. माय त्यांच्याकडे सरळ बघत होती.

"म्या घातली," ती म्हणाली. "वरचं पानी फक्त. चमचाभर. दोनदा."

"माय, का?"

"तू मोठा हायेस, तुझ्या मनानं बसला. त्या गुलाबीचं पोट चालू हाय, ते काढील दिवस. पर ह्या पांढरीला कोन इचारलं होतं बसती का म्हनून? पोटात असून खाता येईना तिला. म्या पाह्यलेत तसे लोक. दुस्काळात एक बाई होती आमच्याकडं, घास तोंडाजवळ आला तरी गिळायची न्हाई. लई जल्दी गेली." तिनं पदर सारखा केला. "आंबट चालतं म्हनला ना तूच? म्हनून आमटीचं दिलं."

 मिस्तरी म्हणाला, "सर, काही झालं न्हाई. चंबू धुऊन टाका, दुसरा भरा. कोणाला बिलकुल कळत न्हाई."

"मला कळलं ना," सर म्हणाले.

ते उभे राहिले. मी त्यांना धरलं. फाटकापुढे एव्हाना लोक जमले होते. सरांनी हात जोडले आणि मोठ्यानं सांगितलं, "आमच्या तिघांपैकी एकानं खाल्लेलं आहे. निवेदनात आम्ही तिघं लिहिलं होतं. त्यामुळे हे उपोषण मोडलेलं आहे. मी दिलगीर आहे."

लोक ओरडायला लागले. सर, बसा! सर, तुम्ही कुठं खाल्लं? एक म्हातारा रडायलाच लागला. तेवढ्यात धूळ उडवत अध्यक्षांची गाडी आली. गावात इतका बोभाटा झाल्यावर त्यांना काही तरी करणं भाग होतं. मागे ताट, ताटात ग्लास, ग्लासात लिंबाचं सरबत, बरोबर दोन-तीन बातमीदार. अध्यक्ष उपोषण सोडवायला आले होते आणि उपोषण त्यांच्या आधीच सुटलं होतं.

"सुटलं कसं? कोणी सोडवलं?" अध्यक्ष विचारू लागले. कोणी मायकडे बोट दाखवलं. अध्यक्षांनी तिच्याकडे बघितलं, मग ग्लासाकडे. "मग हे कुणाला द्यायचं?"

बातमीदारांना फोटो तर हवाच होता. सर म्हणाले, "मला नको. गुलाबीला द्या. त्याचं अजून सुटलेलं नाही."

आणि अध्यक्षांनी, खादीच्या पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, नळीनं थेंब थेंब सरबत त्या चंबूत सोडलं. टाळ्या वाजल्या. दुसऱ्या दिवशी तो फोटो सगळीकडे होता. खाली लिहिलं होतं, 'अध्यक्षांच्या हस्ते यीस्टने उपोषण सोडले.'

पण त्याआधी एक झालं. टाळ्या संपल्यावर काय करायचं हे न सुचून अध्यक्ष सहज सूक्ष्मदर्शकाकडे वाकले. सकाळच्या पांढऱ्याची काच अजून खाली होती. एक डोळा मिटला. मग दुसरा मिटून बघितलं. लोक थांबले, ड्रायव्हर थांबला, बातमीदार थांबले. अध्यक्ष हलेनात. बऱ्याच वेळानं, डोळा न काढताच, ते लहान मुलासारखे हसले.

"आयला, नाचू राह्यले की हे."

सरांनी त्यांना सगळं सांगितलं. पंप, पिशवी, गाठोडी. ते ऐकत होते आणि मधूनमधून परत वाकत होते. जाताना प्राचार्यांना म्हणाले, "याच्यावर दुसरा आनंदकक्ष काय करणार? पाटी इथंच लावून टाका."

तसंच झालं. प्रयोगशाळा जागेवर राहिली, दारावर 'आनंदकक्ष' अशी पाटी लागली. कमिटी आली, तिच्यातल्या लोकांनी ओळीनं सूक्ष्मदर्शकातून बघितलं, आणि अहवालात या अभिनव उपक्रमाचं खास कौतुक केलं. विभाग वाचला. सर अजून तिथंच शिकवतात.

मला मात्र त्या सगळ्यातली त्याच दिवशीची संध्याकाळ आठवते. मांडव उतरवून आम्ही घरी आलो. माय चुलीपाशी बसली, सर तिच्यासमोर पाटावर. मायलेकांत सकाळपासून शब्द झाला नव्हता. मी दाराशी टेकून उभा, जावं की थांबावं ते कळत नव्हतं. मायनं ताटात भाकरी वाढली, वाटीत आमटी वाढली, आणि हात मागे घेतला नाही, तसाच ताटाजवळ ठेवला.

सरांनी घास मोडला, आमटीत बुडवला, तोंडात घातला. आणि थांबले. चावत नव्हते, गिळत नव्हते. डोळे मिटले होते. मायचा चेहरा कावराबावरा झाला.

"काय झालं? गिळंना का तुला?"

सरांनी मान हलवली. हळूहळू चावलं, गिळलं. डोळे उघडले तेव्हा ते भरून आले होते.

"काही न्हाई माय. खायला आलंय, ही बातमी आता आत सगळ्यांना पोचत असंल. थोडा वेळ थांबलो."

"पोचंल," माय म्हणाली. "तू खा."